भुजलीचं नाव

तिच्या घरी माझी बसायची जागा ठरलेली होती. ओसरीच्या टोकाला, शेवटच्या लाकडी खांबाच्या पलीकडे, जिथे सारवण संपून अंगणाची माती सुरू होत असे. ती जागा मला कोणी दाखवली नव्हती. पहिल्यांदा गेले तेव्हा मी आपोआप तिथे बसले, कोणी काही बोललं नाही, म्हणून ती माझी झाली. तहान लागली की तिची आई तांब्या घेऊन बाहेर येई. मी ओंजळ पुढे करी, ती वरून धार सोडी. धार नेमकी ओंजळीत पडे, कपडे भिजत नसत. काकी, म्हणजे तिची आई, हे करताना माझ्याशी बोलत असे. जेवलीस का विचारत असे, वेणीला तेल नाही म्हणून रागावत असे. तिच्या वागण्यात हेटाळणी नव्हती. जे चालत आलं होतं ते ती करत होती आणि मीही करत होते.

आमचं गाव एकोडीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला लागून. पाळीखालच्या बांध्यांमध्ये धान, आणि धानाच्या कडेने शेतकऱ्यांची कौलारू घरं. तिचं घर त्यातलं. नाल्याच्या या बाजूला आमची वस्ती, आमची टोली होती. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. माझ्या जन्माआधीच घरातले देव गेले होते. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, संध्याकाळी त्यांच्यापुढे मेणबत्ती लागे आणि बाबांच्या आवाजात वंदना होई. बाबा आजूबाजूच्या गावांत सायकलवर डाक वाटायचे. मैलोगणती पसरलेल्या घरांचे उंबरठे त्यांना पाठ होते, पण उंबरठ्याच्या आतलं घर त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. त्यांच्या सायकलचा आवाज नाल्याच्या उतारावर वेगळा येई. साखळीची कुरकुर थांबे, मडगार्ड खडखडे, आणि आई चुलीवर लाखोरीच्या डाळीला फोडणी द्यायला घेई. भात, डाळ, परतलेले सुके झिंगे. पावसाळ्यात कधी आंबाडीची भाजी. जेवताना बाबा त्या दिवशी कोणत्या गावात काय पाहिलं ते सांगत. बातमी सांगण्याची त्यांची पद्धत कोरडी होती. कोण, कुठे, काय, एवढंच. पुढे मी ज्या धंद्यात आयुष्य काढलं त्याची पहिली शिकवणी ती असावी.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. सातवीत मुली आम्ही दोघीच उरलो होतो. बाकीच्या एकेक करून रोवणीला, मग सासरी गेल्या. रोवणी म्हणजे धानाची लावणी. मला साकोलीला आठवीत घालायचं हे बाबांनी कधीच ठरवून टाकलं होतं. तिचं काहीच ठरलेलं नव्हतं. तिच्या बाबांचं म्हणणं सातवी पुष्कळ झाली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या ओळखीत आठवी शिकलेली एकही मुलगी नव्हती, आणि जे पाहिलं नाही त्यावर ते विश्वास ठेवत नसत.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्या झाल्या गुरुजींनी बातमी आणली. ते वर्धेकडचे, एकटेच राहायचे, स्वतःच्या हाताने जाड भाकरी करून खायचे. साकोलीला तालुक्यातल्या शाळांची प्रश्नोत्तरांची स्पर्धा होणार होती, प्रत्येक शाळेतून दोघांची जोडी. विषय होता जगातील चालीरीती आणि परंपरा. गुरुजींनी कुठून तरी एक पुस्तक मिळवलं. त्याचं वेष्टन गेलेलं होतं, शिवण सुटलेली होती, आणि आत जपानपासून मेक्सिकोपर्यंतचे लोक कसे भेटतात, कसे जेवतात, लग्नं कशी लावतात आणि मेलेल्यांचं काय करतात याची हकीकत होती. त्यांनी आम्हा दोघींना निवडलं. तिला कर्णधार केलं, कारण तिचा आवाज मोठा आणि स्पष्ट होता.

गुरुजी स्वतः तिच्या घरी परवानगी मागायला गेले. मी खांबापलीकडे बसले होते, म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"कायले पाठवू जी?" तिचे बाबा म्हणाले. "जगाच्या रीती शिकून हे काय करन? धान कापायची रीत येते तिले."

"हुशार आहे मुलगी. पुढे शिकली तर शिक्षिका होईल."

"असं म्हणता?" ते बराच वेळ चिलमीची राख काडीने टोकरत राहिले. "मग असं करू. तालुक्याच्या पोरांत पहिली आली तं पाठवतो साकोलीले. हारली तं घरी. हे मी तुमच्यासमोर बोललो, आता मांगं-पुढं होणार नाई."

गुरुजींना ते पुरेसं वाटलं. तिला तर एवढंही अपेक्षित नव्हतं. ते दोघे उठल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "चाल, पुस्तक काढ."

तिथून आमची संध्याकाळ त्या ओसरीवर जाऊ लागली. ती सारवणावर, मी मातीवर, मध्ये पुस्तक. काकी आत तांदूळ पाखडत असे. सुपाचा आवाज एका लयीत येई आणि एखादा प्रश्न तिच्या कानी पडला की थांबे.

"रशियात पाहुण्याचं स्वागत कसं करतात?" मी विचारी.

"पाव अना मीठ देऊन."

सूप थांबे. "नुसतं मीठ? संगं भाजी नाई देत?"

"तशी रीतच आहे माय तिकडं."

"पाहुण्याले मीठ-पाव. मग तं लोकं पुन्हा येतच नसतील." सूप पुन्हा चालू.

तिबेटात एकमेकांना भेटल्यावर जीभ काढून दाखवत, हे वाचलं तेव्हा काकी हसून हसून भिंतीला टेकली आणि म्हणाली, तुह्या बाबाच्या बहिणीले शिकव, थे तं अशीच दाखवत राहते. मेक्सिकोत वर्षातून एकदा मेलेल्यांसाठी जेवण मांडतात, यावर तिचं म्हणणं होतं की त्यात विचारण्यासारखं काय आहे, पितरांत आपणही मांडतो. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी नाकाला नाक लावतात, जपानी घरात शिरताना जोडे काढतात. "आपण का घालून शिरतो?" काकी आतून म्हणे. हळूहळू तिने काम असं लावून घेतलं की आमच्या अभ्यासाच्या वेळी ती ओसरीजवळच्या खोलीत असेल.

पुस्तकात भारताला दीड पान दिलेलं होतं. हात जोडून नमस्कार, सात फेरे, राखी. एकदा शाळेत तिने गुरुजींना विचारलं, "यात आपलं गाव नाई काय?"

"अगं, हे जगाचं पुस्तक आहे," गुरुजी म्हणाले.

भुजली म्हणजे काय ते आता सांगायला हवं, कारण भंडारा-गोंदियाकडच्या बाहेर हा शब्द फारसा कोणाला कळत नाही. श्रावणात नागपंचमीच्या सुमाराला मातीने भरलेल्या दुरडीत गहू पेरतात आणि ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. ऊन न लागल्याने अंकुर हिरवे न होता पिवळे येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बायका आणि मुली त्या दुरड्या डोक्यावर घेऊन गाणी म्हणत तलावावर जातात आणि अंकुर पाण्यात सोडतात. थोडे हातात राखून ठेवतात. ते मोठ्यांना द्यायचे, पाया पडायचं. आणि ज्या दोघींना एकमेकींशी जन्माचं नातं जोडायचं असेल त्यांनी एकमेकींच्या कानामागे ते खोवायचे. त्यानंतर त्या एकमेकींच्या भुजली होतात. रक्ताच्या नात्याइतकंच ते मानतात. एकीच्या घरी लग्न असलं की दुसरीच्या घरचे आहेर घेऊन येतात, एकीच्या घरी मृत्यू झाला की दुसरीही सुतक पाळते. आणि अंकुर खोवल्याच्या क्षणापासून त्या एकमेकींचं नाव घेत नाहीत. भुजली म्हणायचं. नाव घेतलं तर नातं तुटतं.

त्या श्रावणात मी तलावाच्या पाळीवर उभी राहून बघत होते. आमच्या टोलीतून कोणी दुरडी काढत नसे. बायका पाण्यातून वर आल्या, ओले पदर पिळत घराकडे निघाल्या. ती गर्दीतून बाजूला झाली, पाळ चढून माझ्याजवळ आली आणि काही न बोलता ओले पिवळे अंकुर माझ्या कानामागे खोवले. मग मूठ माझ्यापुढे उघडली. त्यात आणखी होते. मी ते घेतले आणि तिच्या कानामागे लावले. बायकांमध्ये काकी होती. तिने वळून पाहिलं. तिच्या बाजूची बाई काहीतरी म्हणाली. काकी म्हणाली, "आता खोसले तं खोसले," आणि चालू लागली.

वर्तमानपत्रात पहिला नियम नावाचा असतो. पूर्ण नाव, वय, गाव. नावाशिवाय आलेली बातमी मी माझ्या टेबलावरून परत पाठवत असे आणि नव्या मुलांना त्यावरून बरंच ऐकवतही असे. या प्रकरणात तिचं नाव नाही. वाचकाने ते गृहीत धरावं.

संध्याकाळी बाबांची सायकल उतारावरून आली. त्यांनी मला पाहिलं, सायकल भिंतीला टेकवली.

"कानात काय खोसलं?"

"भुजली."

आई चुलीपासून उठली नाही, पण तिचा हात थांबला. आमच्या घरात जुन्या रीतींबद्दल बोलणं होत नसे. ज्या गोष्टी सोडल्या त्या सोडल्या. बाबा खाटेवर बसले.

"यात देव आहे काय कोणता?"

मी विचार केला. "नाई. गहू आहे अना तलावाचं पाणी."

"पूजा केली?"

"तिनं केली असन. मी नाई केली."

"देव नसन तं मले काही म्हणायचं नाई," ते म्हणाले. "पण मले एक सांग पमी. तिच्या घरी गेली की थे पाणी कसं देतात तुले?"

मी सांगितलं. खांब, ओंजळ, धार. त्यांना ते माहीत असणारच. मी ते मोठ्याने बोलावं असं बहुधा त्यांना हवं होतं.

"मग कायची भुजली," बाबा म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन गेले आणि माझ्या जागेवर बसले. काकी बाहेर आली. तिच्या हातात तांब्या नव्हता. ती खांबाला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी ठरवायचं होतं आणि ते सोपं नव्हतं, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं. भुजली पहिल्यांदा घरी आली की तिला आत बसवून, घरच्यांच्या पंगतीत जेवू घालायचं अशी रीत. आणि मला आत घ्यायचं नाही हीही रीत. दोन्ही तिच्याच घरच्या, आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नव्हत्या.

"चाल व आत," ती शेवटी म्हणाली. "भुजली जुळली आता. बाहेर कशी बसवू? मलेच पाप लागन."

त्या घराचं आतलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कोठीत धानाचा वास, भिंतीत कोनाडा, खाली थंडगार जमीन. उडदाचे वडे केले होते, गुळाची खीर होती. काकीने मला पाटावर बसवलं, शेजारी माझी भुजली बसली. जेवण चालू असताना तिचे बाबा शेतावरून आले. पायाला चिखल, खांद्यावर पंचा. ते दारातच थांबले.

"कोण बसली हे?"

"पोरीची भुजली," काकी म्हणाली. तिने मान वर केली नाही. वाढत राहिली.

त्यांनी पाय धुतले, स्वतःची थाळी स्वतः वाढून घेतली आणि ओसरीवर जाऊन, पाठ आमच्याकडे करून जेवले. त्यानंतरही माझं येणं-जाणं चालू राहिलं, मी आत बसत राहिले आणि ते बाहेर जेवत राहिले. पावसाळा संपेपर्यंत त्या घरात तशी व्यवस्था होती. कोणी त्यावर चर्चा केली नाही.

स्पर्धा धान कापणीच्या दिवसांत आली. कापणी सोडून तिचे बाबा आमच्याबरोबर निघाले, कारण मुलीला एकटीला तालुक्याला पाठवणं त्यांना पटत नव्हतं. एकोडीपर्यंत पायी, पुढे एसटी. साकोलीच्या शाळेच्या मोठ्या खोलीत बाकं एकीकडे सारून व्यासपीठ केलं होतं. तिथे एक कॉलेजचे प्राध्यापक बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, हातात थांबवायचं घड्याळ, पुढे टेबलावर घंटी. ते प्रश्न विचारणार होते. त्यांनी सुरुवातीलाच नियम सांगितला. जोडीने एकदम ओरडायचं नाही. प्रत्येक प्रश्नाला कर्णधाराने आधी सांगायचं की उत्तर कोण देणार, स्वतः असेल तर मी म्हणायचं, नाहीतर जोडीदाराचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानेच बोलायचं. दुसऱ्याने तोंड उघडलं तर गुण नाही.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती समोर बघत होती. गुरुजी मागच्या बाकावरून आम्हाला हात उंचावून धीर देत होते. या नियमात आमच्यासाठी काय आहे हे त्यांना कळण्याचं कारण नव्हतं.

पहिला प्रश्न आमच्याकडे आला. जपानचा. "उत्तर कोण देईल?" "मी," ती म्हणाली आणि बरोबर सांगितलं. पुढचा थायलंडचा, लहान मुलाच्या डोक्यावर हात का ठेवू नये. "मी." बरोबर. रशिया. "मी." तिने सगळे प्रश्न स्वतःवर घ्यायला सुरुवात केली होती. आम्ही पुस्तक दोघींत वाटून पाठ केलं होतं. आशिया आणि रशिया तिच्याकडे, युरोप, आफ्रिका, अमेरिका माझ्याकडे. तिच्या वाटणीचे प्रश्न आले तोवर सगळं ठीक चाललं. मग मेक्सिकोचा आला. तो माझा, पण काकीच्या पितरांमुळे तिला आठवत होता. तिने सांगितलं. इथिओपियाचा आला, तो चुकला. उत्तर मला येत होतं. मी ओठ मिटून बसले.

"कर्णधारबाई," प्राध्यापक हसत म्हणाले, "तुमच्या जोडीदारीणबाई बोलतात की नाही?" खोलीत हशा झाला. तीही कसंनुसं हसली.

शेवटी आम्ही आणि लाखनीकडची दोन मुलं बरोबरीत आलो. एक प्रश्न उरला आणि तो आमचा होता. बरोबर आलं तर आम्ही जिंकणार, चुकलं तर तो त्या मुलांकडे जाणार. प्राध्यापकांनी चिठ्ठी उघडली. स्पेनमध्ये नववर्षाच्या मध्यरात्री घड्याळाचे ठोके पडत असताना लोक काय खातात?

द्राक्षं. प्रत्येक ठोक्याला एक. हे पान मी इतक्यांदा वाचलं होतं की त्या पानावरचा तेलाचा डागही मला दिसला. द्राक्षं मी तोवर एकदाच पाहिली होती, भंडाऱ्याच्या दवाखान्यात, दुसऱ्या कोणाच्या तरी खाटेशेजारी. तिला उत्तर येत नव्हतं. मला येतं हे तिला माहीत होतं.

"उत्तर कोण देईल?"

"ही," ती म्हणाली.

"ही म्हणजे कोण? नाव घ्या."

"माही भुजली."

पुन्हा हशा. प्राध्यापक नागपूरचे असावेत, त्यांनी भुवया उंचावल्या. "भुजली हे हिचं नाव आहे?"

"नाई जी."

"मग नाव सांगा. वेळ जातोय."

मी तिच्या कोपराला हात लावला. हळूच म्हणाले, "घे ना व नाव. मी नाई मानत थे. माह्याकडून नाई तुटत."

तिने मान हलवली. "मले चालत नाई," ती म्हणाली. तेही पुटपुटून नाही. तिच्या नेहमीच्या आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

घंटी वाजली. प्रश्न लाखनीच्या मुलांकडे गेला आणि त्यांना तो आला.

पुढे कित्येक वर्षं मी लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं. मंत्री, कंत्राटदार, दंगलीत घर जळालेली माणसं. समोरचा माणूस गप्प झाला की त्याला उत्तर येत नाही असं धरून चालायची सवय या धंद्यात लागते. मी ती सवय स्वतःला लावू दिली नाही एवढंच म्हणते. त्या प्राध्यापकांचा मला राग नाही. त्यांनी नियम केला होता आणि तो सगळ्यांना सारखा लावला. त्यांच्या चिठ्ठ्यांत जगभरच्या रीती होत्या. समोर उभी होती ती त्यात नव्हती.

परतीच्या एसटीत कारण कळल्यावर गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले. एकोडीला उतरल्यावर एकदाच म्हणाले, "एवढी अंधश्रद्धा. माझंच चुकलं." ते आणि तिचे बाबा पुढे चालत राहिले, आम्ही धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून मागे. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या पेंड्या आडव्या पडल्या होत्या, कोणीतरी दूर बैलांना हाकारत होतं. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

"आता तुले शाळा नाई," मी म्हणाले.

"माहीत आहे मले."

"एक नाव तं घ्यायचं होतं."

ती थोडं चालली. "तुहंच होतं ना पण," ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवस मी तिच्या घरी गेले नाही. ती शाळेत येत राहिली, वार्षिक परीक्षेपर्यंत येणार होती. पुस्तक गुरुजींनी परत नेलं. एका संध्याकाळी बाबा नुकतेच आले होते, आई भाताचं पाणी काढत होती, आणि अंगणात कोणीतरी खाकरलं. तिचे बाबा उभे होते. नाला ओलांडून आमच्या टोलीत मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. बाबांनी त्यांना डाक द्यायला जावं आणि त्यांनी उंबरठ्यावरून हात पुढे करावा, एवढाच दोघांचा संबंध.

"या ना जी," बाबा म्हणाले. खाटेवरची गोधडी नीट केली. तिचे बाबा जरा वेळाने बसले. आईने तांब्याभर पाणी आणून खाटेजवळ ठेवलं आणि दाराच्या आत जाऊन उभी राहिली.

"तुही पोरगी साकोलीले जाणार काय गा?" तिच्या बाबांनी विचारलं.

"जाणार."

"एकटी?"

"एकटीच. तिथं एक म्हातारी बाई आहे आमच्या ओळखीची, तिच्या घरी खोली पाहिली."

तिच्या बाबांनी मान डोलावली. बोटांनी खाटेची दोरी चाचपत राहिले. "मी मांगं बसलो होतो," ते म्हणाले. "पाह्यलं मी सगळं. गुरुजी म्हणाले चुकलं पोरीचं. मले तं नाई वाटलं चुकलं."

बाबा ऐकत राहिले.

"पण मी चारचौघांत बोललो होतो. जिंकली तं पाठवीन. नाई जिंकली. मी बोललेलं फिरवत नाई, तुले माहीत आहे."

"माहीत आहे."

"तं मी तिले शिकायले पाठवत नाई." ते थांबले. मी आईच्या मागे उभी होते, आईचा हात मागे येऊन माझ्या मनगटावर पडला. "पण तुही पोरगी परक्या गावी एकटी राहीन, अना तिची भुजली इथं घरी बसून राहीन, हे बी कसं जमन? भुजली आहे थे तिची. सोबत म्हणून तं जाऊ देणं पडते. सोबतीले गेली, अना तिथं शाळा आहे, मग दिवसभर खोलीत बसून का करन? थेही बसन शाळेत."

ज्या रीतींपासून बाबांनी स्वतःला प्रयत्नपूर्वक सोडवलं होतं त्यातलीच एक हा माणूस त्यांच्या खाटेवर घेऊन आला होता, आणि तिच्या आधाराने स्वतःच्या शब्दातून बाहेर पडायची वाट मागत होता. बाबांना वाद घालता आला असता. मुलीला शिकायचा हक्क आहे, त्याला भुजलीची गरज कशाला, हे त्यांना उत्तम बोलता येत असे, मी सभांत ऐकलं होतं.

"बरोबर आहे तुमचं," बाबा म्हणाले. "सोबत पाहिजे."

तिचे बाबा उठले. तांब्याकडे पाहिलं, उचलला, मान वर करून पाणी प्याले आणि तांब्या होता तिथे ठेवला. "येतो," म्हणाले आणि नाल्याच्या दिशेने गेले. उतारावर त्यांच्या पायाखालचे दगड वाजले, मग पलीकडच्या चढावर, मग काही नाही.

आई बाहेर आली. बाबा अजून उभेच होते. मग त्यांनी सायकल भिंतीपासून काढली, टायर दाबून पाहिलं.

"कुठं निघाले आता? भात झाला," आई म्हणाली.

"कुठं नाई. उद्या लवकर निघा लागन. साकोलीले जाऊन येतो." त्यांनी पंप शोधला आणि हवा भरायला बसले. "त्या बाईले विचारून येतो, दोघींले पुरन काय थे खोली. नाई तं दुसरी पाहा लागन."